जाहिरात नाही, पण किल्ली कुणाकडे?



२०२५ च्या दिवाळीत पुण्याचा भाचा धाराशिवला आला होता. फराळ झाला, आणि हातातला लाडू संपायच्या आत त्याने माझा फोन मागून घेतला. "मावशी, आपला घरचा ग्रुप आता अरट्टैवर न्यायचाय. सगळे आले, तू आणि काकाच राहिलात." मी विचारलं, कशाला रे बाबा? तर म्हणाला, "यात जाहिरात नाही. आणि कंपनी आपल्या देशातली. अजून काय पाहिजे?"

हा "अजून काय पाहिजे" त्याने सहज टाकला, पण मला तो तसा सोडून देता येईना. जन्म शाळेत गेला. मुलाने उत्तर बरोबर दिलं तरी "कसं काढलंस?" असं विचारायची सवय काही जात नाही. मी फोन परत मागितला, भाचा रुसला, आणि घरात "मावशी जुन्या वळणाची" असा शेरा पडला. तर हे उत्तर त्याला, आणि त्याच्या बाजूने माझ्या मागे लागलेल्या तुम्हा सगळ्यांना.

आधी जे पटतं ते कबूल करते. जाहिरात नको, हे मलाही हवंच आहे. जाहिरातीवर जगणाऱ्या कंपनीला आपण कोण, काय घेतो, कशाने हुरळतो, कशाने घाबरतो हे माहीत करून घ्यावंच लागतं, कारण तोच तिचा माल. तेव्हा जाहिरात नसेल तर ती हाव कमी, हे खरं. पण त्यावरून "म्हणजे विश्वास ठेवायला हरकत नाही" ही जी उडी मारली जाते, तिला माझा विरोध आहे.

कारण ही उडी आपण एकदा मारून बसलोय. व्हॉट्सॲप आठवा! २००९ साली निघालं. ते काढणारे जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन हे दोघे जाहिरातीचे कट्टर विरोधक. जाहिरात नाही, खेळ नाहीत, चाळे नाहीत, हा त्यांचा बाणा. पहिलं वर्ष फुकट आणि पुढे वर्षाला साधारण एक डॉलर, हा त्यांचा हिशेब. तो खोटा होता असं मी म्हणत नाही. माणसं मनापासून बोलत असावीत. पण फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलरला ते विकत घेतलं, आणि मग घराचा मालकच बदलला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आपली माहिती फेसबुकला देण्याचं धोरण आलं. खरेदीच्या वेळी युरोपातल्या अधिकाऱ्यांना सांगितलं होतं, की दोन्हीकडची खाती आपोआप जुळवणं आम्हाला जमणार नाही. ती माहिती दिशाभूल करणारी होती म्हणून २०१७ मध्ये तिथे ११ कोटी युरोंचा दंड झाला. ॲक्टन २०१७ मध्ये बाहेर पडले, कूम २०१८ मध्ये. जानेवारी २०२१ मध्ये "नवं धोरण मान्य करा" असं सगळ्यांच्या फोनवर झळकलं, आणि त्याच धोरणापायी आपल्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला (प्रकरण पुढे अपिलात गेलं). जून २०२५ मध्ये स्टेटस बघतो त्या पानावर जाहिराती आणत असल्याचंही जाहीर झालं.

म्हणजे "जाहिरात नाही" या शब्दाचं आयुष्य किती? घरमालक बदलेपर्यंत!

अमेरिकेतच एल्लो नावाचं एक संकेतस्थळ २०१४ साली गाजलं होतं. जाहिरात घेणार नाही आणि माहिती विकणार नाही, हे त्यांनी कंपनीच्या सनदेतच घालून घेतलं. याहून पक्का शब्द कोणता असणार? २०२३ मध्ये ते बंद पडलं. चित्रं, लेखन, ओळखी, सगळं घेऊन लोक तिथे नांदायला गेले होते, ते उघड्यावर आले. शब्द मोडला नाही, दुकानच मोडलं. आपल्याकडचं कू हे तर अस्सल देशी. तेही जुलै २०२४ मध्ये मिटलं.

आता "कंपनी आपल्या देशातली" याबद्दल. अरट्टै हा तमिळ शब्द, अर्थ गप्पा. झोहो ही कंपनी, तिचे श्रीधर वेंबू तेनकाशीजवळच्या खेड्यात राहून काम करतात, जाहिरातीवर पैसा मिळवायचा नाही हे धोरण त्यांनी बरीच वर्षं पाळलंय. मला या माणसाबद्दल आदर आहे. आमच्या मराठवाड्यातली पोरं नोकरीपायी गाव सोडतात तेव्हा हा मनुष्य नोकऱ्या खेड्यात नेतो, याचं मोल मला कुणी सांगायला नको. सप्टेंबर २०२५ मध्ये तीन दिवसांत रोजचे नवे सदस्य तीन हजारांवरून साडेतीन लाखांवर गेले, असं त्यांनीच सांगितलं होतं. पण मंडळी, त्याच गर्दीच्या दिवसांत अरट्टैवर कॉल टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद होते, आणि साधे लेखी निरोप तसे नव्हते. टीका झाली, मग ते काम हाती घेतलं गेलं.

हे कुलूप म्हणजे काय, ते माझ्यासारख्यांना समजेल असं सांगते. मी लिहिलेलं माझ्या फोनमध्ये बंद होतं आणि ज्याला पाठवलं त्याच्याच फोनमध्ये उघडतं. मधल्या कंपनीला ते वाचता येत नाही, कारण किल्ली तिच्याकडे नाहीच. कुलूप तसं नसेल तर किल्ली कंपनीकडे, आणि मग ती भली की बुरी एवढाच आधार उरतो. आणि भल्या कंपनीलाही सरकार विचारू शकतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६९ वं कलम त्यासाठीच आहे, ते देशी-परदेशी बघत नाही.

आता गंमत बघा. ज्या व्हॉट्सॲपवर जाहिराती आल्या तिथे निरोपांना २०१६ पासून हे कुलूप होतं, आणि जिथे जाहिरात नव्हती तिथे त्या दिवसांत नव्हतं. यावरून व्हॉट्सॲप चांगलं असं मला म्हणायचं नाही. कोण कुणाला केव्हा आणि किती वेळा लिहितो, हे तिथेही कंपनीला कळतंच. मला म्हणायचंय ते इतकंच, की जाहिरात आणि खाजगीपणा हे दोन वेगळे विषय आहेत. एकाचे गुण दुसऱ्याच्या प्रगतिपुस्तकात चढवू नका.

विश्वासाचंही तेच. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावाने ठार मारलं. आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी माणसं. मुलं पळवणारी टोळी आलीय, ही अफवा फोनवरून फिरत होती. तेव्हा व्हॉट्सॲपवर एकही जाहिरात नव्हती. अफवा आपल्याच ओळखीच्या माणसाकडून आली, म्हणून तर ती खरी वाटली. त्या महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. ती पाच माणसं गेल्यावर.

हे सगळं वर्तमानपत्रातलं झालं. आता माझं सांगते, जे भाच्याला त्या दिवशी सांगता आलं नाही.

माझी एक विद्यार्थिनी. तिची ओळख कळेल असं काही लिहीत नाही. सासरी फार मारहाण झाली, तेव्हा लेकीला घेऊन ती दूरच्या शहरात निघून गेली. नवा नंबर घेतला, आणि गावातल्या माणसांपैकी फक्त मला दिला. "बाई, अडीनडीला असू द्या." मी तो तिच्या जुन्या नावाने फोनमध्ये ठेवला. पुढे एका ॲपवर (नाव घेत नाही) खातं उघडताना "संपर्क वापरू द्यायचे का" असं विचारलं गेलं, आणि मी न वाचता "हो" वर बोट ठेवलं. वर्गात आयुष्यभर "प्रश्न नीट वाचा रे" म्हणून ओरडलेली मी!

काही आठवड्यांनी तिचा फोन आला. सासरकडच्या एकाला तिचं खातं नव्या फोटोसकट "तुमच्या ओळखीच्या व्यक्ती" म्हणून दिसलं होतं. तो तिला शोधत होता. माझ्याच यादीमुळे हे झालं, असं मी सिद्ध करू शकत नाही. नाही असंही सिद्ध करू शकत नाही. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, ह्यो लंबर गावात फकस्त तुमच्याकडं व्हता."

तिने पुन्हा नंबर बदलला. तो मला दिला नाही.

त्या ॲपवर मला जाहिराती दिसत होत्या की नाही, आज आठवतही नाही. तिच्या दृष्टीने काय फरक पडला असता?

शाळेत आमच्याकडे जनरल रजिस्टर असायचं. गावातल्या प्रत्येक पोराचं नाव, जात, जन्मतारीख, बापाचं नाव, शाळा कधी आणि का सोडली, सगळं त्यात. ते कुलपाच्या कपाटात, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. कुणी लग्नासाठी पोरीची जन्मतारीख बघायला यायचा, कुणी भाऊबंदकीच्या खटल्यासाठी. अर्ज द्या, नातं सांगा, मग उतारा मिळेल, ही रीत. आमचे एक मुख्याध्यापक तर चहा पाजून वाटेला लावत, पण रजिस्टर उघडत नसत. त्या रजिस्टरावरही कुणाची जाहिरात नव्हती बरं का! म्हणून आम्ही ते चावडीवर नेऊन ठेवलं नाही. फोनमधली नावांची यादी हे माझं जनरल रजिस्टर आहे. त्यात तीनशेच्या वर नावं आहेत आणि त्यातलं माझं असं एकच. बाकी सगळी ठेव. ठेव दुसऱ्याला देताना ज्याची आहे त्याला विचारायचं असतं, एवढं तर आपल्याला आईनेच शिकवलंय.

"आपल्याला काय लपवायचंय?" असं धाकटे दीर म्हणतात. भावोजी, न्हाणीघराला दार लावता ते काही चोरीचा माल आत ठेवलाय म्हणून नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असं एकमताने सांगितलं, त्यात "फक्त लपवणाऱ्यांसाठी" अशी अट नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही झाला. पण कुणी माणूस घरगुती कामासाठी जी माहिती वापरतो, तिला तो कायदा लागू नाही. म्हणजे माझ्या फोनमधली तुमची नावं माझ्यापासून वाचवणारं कायद्यात कुणी नाही. तिथे फक्त मी आहे.

म्हणून कुठल्याही नव्या घरात शिरताना मी आता चार गोष्टी विचारते. किल्ली कुणाकडे? खर्च कोण भागवतो, आणि उद्या मालक बदलला तर? मला बाहेर पडायचं झालं तर माझं सामान नेता येईल का? आणि मी आत येताना आणखी कुणाकुणाला न विचारता ओढून आणतेय? जाहिरात आहे की नाही, हा प्रश्न पाचवा.

सगळ्यात मोठा शब्द तोच, जो पाळायची वेळच येत नाही. २०१६ साली अमेरिकेत सिग्नल या ॲपकडे न्यायालयीन समन्स आलं. त्यांच्याकडे देण्यासारखं निघालं ते एवढंच: खातं केव्हा उघडलं आणि शेवटचं केव्हा जोडलं गेलं. रजिस्टरात जे लिहिलंच नाही, ते कपाट फोडूनही मिळत नाही. कंपनी देशी असो की परदेशी, मी तिच्याकडे हे मागेन.

तर मी काय केलं? कपाटातला जुना फोन काढला. त्यात एकही नंबर नव्हता. मग घरच्या एकेकाला फोन लावून विचारलं, "तुझा नंबर यात घालू का?" अकरा जण हो म्हणाले, त्यातले दोघे आधी हसले. धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "नको बाई, माझा राहू द्या." त्यांचा घातला नाही. त्या फोनवरून मी आले तुमच्या नव्या ग्रुपात, आता रुसवा सोडा.

भाचा म्हणतो, एवढा उपद्व्याप कोण करतं? खरंय बाळा. पण गावात फक्त माझ्याकडे असलेला एक नंबर होता, आणि तो आता माझ्याकडे नाही.

असो. बघा पटतंय का.