टारफुला आणि कपाशीचा बेवड

ज्वारी निसवायला आली की हलक्या रानात एखादे ठिगळ पिवळे पडते. जमिनीत ओल असते, तरी ताटे सुकल्यासारखी. बुडाशी पाहावे तर पांढऱ्या फुलांचा टारफुला! मग साहेब सांगतो, तुमची मशागत चुकली. शेतकीची पदवी घेऊन आम्हीही काही वर्षे हेच सांगत हिंडलो. ते अर्धवट होते, हे कबूल करतो.

टारफुल्याचे बी धुळीएवढे. एका झाडाला हजारोंनी धरते आणि जमिनीत १० वर्षांहूनही जास्त जिवंत राहते. नुसत्या पावसाने ते उगवत नाही. ज्वारीच्या मुळीतून एक द्रव्य पाझरते, ते लागले की बी उगवते, मुळीला चिकटते आणि वर दिसण्याआधीच ताट शोषू लागते. मग ज्वारी असला घातकी पाझर सोडते तरी कशाला? २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी याचा उलगडा केला. मुळांना स्फुरद आणून देणारी एक बुरशी असते, तिला बोलावण्यासाठी पिके हे द्रव्य सोडतात. स्फुरद कमी, तेवढी हाक मोठी. हाक मित्राला आणि आला चोर! भुकेल्या रानात टारफुला माजतो तो यामुळे.

गंमत म्हणजे हे द्रव्य १९६६ साली पहिल्यांदा वेगळे काढले ते कपाशीच्या मुळांच्या पाझरातून. कपाशीपाशी बी फसून उगवते, पण तिच्यावर जगू शकत नाही. काही दिवसांत मरते. कपाशीच्या बेवडावर ज्वारी घेणारे आपले आजे अडाणी नव्हते. अर्थात एका वर्षात रान साफ होत नाही.

पाझर कमी सोडणाऱ्या ज्वारीच्या जातीही आहेत. दुष्काळ आणि टारफुला सोसणाऱ्या ज्वारीच्या कामासाठी इथिओपियाचे गेबिसा एजेटा यांना २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण आफ्रिकेतला तो टारफुला जांभळ्या फुलांचा, परपरागाने वाढणारा. आपला स्वतःच्याच परागावर बी धरतो, म्हणून एकेका भागात त्याचा वेगळा वाण मुरतो, तिथल्या ज्वारीशी जुळलेला. दुसरीकडे टिकलेली जात आपल्याकडे टिकेलच असे नाही. म्हणून आमचे म्हणणे, जातीची परीक्षा आमच्या टारफुल्याच्या रानात, आमच्या डोळ्यांदेखत घ्या. केंद्रावरच्या खत घातलेल्या काळ्या रानातले आकडे आम्हाला नकोत.

तोवर फुलण्याआधी उपटा. फुललेला धुऱ्यावर टाकू नका, जाळा. आणि टारफुल्यातही ज्या गावठी ज्वारीने कणीस भरले, तिचे बी बैठकीला घेऊन या.