घास उतरेनासा होईल तेव्हा

स्मृतिभ्रंशाचं निदान झालं की आपल्या घरांतली सगळी धावपळ औषधांच्या दिशेने सुरू होते. शेवट कसा असेल हे डॉक्टरही सहसा आपणहून सांगत नाहीत, आणि अभद्र बोलू नये म्हणून आपणही विषय टाळतो. माझं म्हणणं असं, की निदानानंतरचं पहिलं वर्ष हेच या बोलण्याचं वर्ष. ज्या आईचा किंवा वडिलांचा हा प्रश्न आहे, त्यांना तेव्हा अजून उत्तर देता येतं.

हा आजार नुसता विसरायला लावत नाही, तो जीव घेतो. बॉस्टन परिसरातल्या नर्सिंग होममधल्या ३२३ प्रगत अवस्थेतल्या रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. दीड वर्षात त्यांतले निम्म्याहून अधिक गेले. सुमारे ८६ टक्क्यांना खाण्यागिळण्याचा त्रास झाला. पुढे काय वाढून ठेवलंय हे ज्यांच्या घरच्यांना कळलं होतं, त्यांच्या वाट्याला शेवटच्या तीन महिन्यांत हॉस्पिटलच्या फेऱ्या आणि नळ्या कमी आल्या.

खाण्याचीच गोष्ट आपल्याला सगळ्यात जड जाते. न्यू जर्सीतल्या एका स्नेह्यांच्या घरी मी हे जवळून पाहिलं. मुलगा आईला उशा लावून ताठ बसवायचा आणि गुरगुट्या भात अर्धा-अर्धा चमचा भरवायचा. ती घास गालात धरून ठेवायची. तिचा गळा हललेला दिसेपर्यंत तो थांबायचा. एका वाटीला तास जायचा. दुसऱ्यांदा न्यूमोनिया झाला तेव्हा हॉस्पिटलने विचारलं, पोटात नळी घालायची का? तिकडून पुण्याहून बहीण फोनवर रडत होती, "आईला उपाशी ठेवणार का तुम्ही?" जीव दोघांचाही आईवर होता. आईला काय हवं होतं, हे मात्र दोघांनाही माहीत नव्हतं.

अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीचा सल्ला स्पष्ट आहे: प्रगत स्मृतिभ्रंशात नळी घालू नये, जपून हाताने भरवावं. नळीने आयुष्य वाढत नाही, अन्न फुप्फुसात जाणंही थांबत नाही. उलट रुग्ण ती उपसतो, आणि मग कधी त्याचे हात बांधायची वेळ येते. शेवटी शरीरच अन्न मागेनासं होतं. त्याला उपासमार म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, रुग्णावरही आणि भरवणाऱ्यावरही. अर्थात हे सगळं ऐकूनही एखादी आई "मला नळी चालेल" म्हणेल. म्हणू दे. पण ते तिच्या तोंडून यायला हवं.

म्हणून हेल्थ केअर प्रॉक्सीचा, म्हणजे आपल्या वतीने उपचारांचे निर्णय कोण घेणार हे ठरवणारा कागद समज शाबूत असतानाच करायचा. नाव एकाचंच घाला आणि बाकीच्या भावंडांना त्याच दिवशी कळवा, भारतातल्यांना आधी. आईवडील अमेरिका-भारत ये-जा करत असतील तर इथला कागद तिथे चालेल असं धरू नका. भारतात सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला (शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला) मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. तो कागदही करून ठेवा.

हॉस्पिसचंही, म्हणजे शेवटच्या काळात आराम देणाऱ्या सेवेचंही, आधी समजून घ्या. सहा महिन्यांहून अधिक आयुष्य नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, ते देतं. या आजारात तो अंदाज बांधणं अवघड. बोलणं पाच-सहा शब्दांवर येणं, आधाराशिवाय चालता न येणं, वजन झपाट्याने उतरणं, वारंवार न्यूमोनिया होणं, अशा खुणा बघतात. नर्स, औषधं, पलंग मिळतो. चोवीस तासांची बाई मिळत नाही, नर्सिंग होमचं राहण्याजेवण्याचं भाडंही नाही. आणि ग्रीन कार्डावर उतारवयात आलेल्या, इथे कधीच नोकरी न केलेल्या आईवडिलांना सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतही घेता येत नाही. हा हिशेब त्यांना बोलावतानाच करायला हवा.

आजार वाढला की अनेकदा इंग्रजी आधी जातं, मराठी उरते. नर्सच्या हाती "दुखतंय", "नको", "पाणी" असे शब्द अर्थासकट लिहून द्या.

आपल्या मराठी मंडळाकडे माझी एक मागणी आहे. आपल्यात नर्स आहेत, वकील आहेत, नोटरीही आहेत. दिवाळीसाठी घेतो तोच हॉल एका शनिवारी दुपारी घ्यावा, आपापल्या राज्याचे कोरे फॉर्म टेबलावर ठेवावेत, आणि ज्येष्ठांनी मुलांना घेऊन यावं.