पाल उठवणाऱ्या ठरावाला हात वर करू नका!



2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ग्रामसभेने ठराव केला: देवाच्या यात्रेत मुसलमान दुकानदाराला पाल लावू द्यायचे नाही. प्रशासनाने तो रद्द ठरवला. म्हणून कुणी शहाणे झाले का? त्याच वर्षीच्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या काही गावांत फलक लागले, की बाहेरगावच्या मुसलमानांनी गावच्या मशिदीत नमाजाला यायचे नाही. आता असा ठराव तुमच्या-आमच्या चावडीवर यायला किती वेळ लागणार?

धर्माच्या नावाने माणसे तोडणे वाईट, हे तुम्हाला पत्रक छापून सांगायला नको. तुम्ही ते जाणताच. पण जाणणारी माणसेही ग्रामसभेत गप्प बसतात, कारण ‘जत्रेतल्या चार दुकानांचा तर प्रश्न आहे’ असे त्यांना वाटते. हे पत्रक त्या चार दुकानांबद्दल आहे.

ती दुकाने कुणाची? मणियार बांगड्या भरतो. बागवान फळे आणतो. आतार अत्तर-उदबत्ती आणतो. कुणी रेवडी-गोडीशेव विकतो, कुणी चादरी, कुणी पोरांची खेळणी. वर्षानुवर्षे हीच माणसे त्याच जागी पाल ठोकतात. आदल्या रात्री कुणाच्या तरी पडवीत त्यांचा माल उतरतो. त्याच घरची भाकरी खाऊन ती ओट्यावर झोपतात. म्हातारी मणियाराला त्याच्या लेकीच्या लग्नाचे विचारते, आणि तोही लेकीसुनांच्या मनगटांची मापे लक्षात ठेवतो. पैसे कमी पडले तर ‘पुढच्या जत्रेला द्या’ म्हणतो. लेखी काही नसते आणि पैसे बुडत नाहीत. दोन समाजांत शांतता म्हणतात ती याच ओट्यावर आणि याच उधारीवर उभी असते. ठराव घाव घालतो तो नेमका इथे.

हे भाबडे बोलणे नाही, आकडे ऐका. आशुतोष वार्ष्णेय या अभ्यासकाने 1950 ते 1995 या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची मोजदाद केली. देशाची बहुसंख्य जनता खेड्यात राहत होती, पण दंगलींत मेलेल्यांत खेड्यांचा वाटा होता फक्त 3.6 टक्के. आठ शहरांत मात्र जवळजवळ निम्मी माणसे मेली. खेड्यातला माणूस काही संत नव्हता. जातीवरून त्याने शेजाऱ्याला पाणी नाकारले आहे, भावाचा बांध कोरला आहे. पण मुसलमान म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे तांबोळ्याचा बाबू किंवा मुलाण्याची चाची येत असे. अनेक गावांच्या बलुतेदारांत मुलाणी होता आणि खळ्यावर त्याचा हक्काचा वाटा निघत होता. पश्चिम महाराष्ट्रात मोहरमचे पंजे मराठ्यांच्या घरांनीही खांद्यावर घेतले. नाव ठाऊक असलेल्या माणसाच्या घराला काडी लावायला हात सहजासहजी धजत नाही. म्हणून आग लावणाऱ्याला आधी ओळख पुसावी लागते, आणि त्याचे काम आपली ग्रामसभा फुकटात करून देते!

ठरावाचे वकील काय म्हणतात तेही पाहू.

‘आम्ही कुणाला मारत नाही. त्यांच्याकडून घ्यायचे नाही, एवढेच.’ मग ठराव कशाला हवा? तुमचा खिसा तुमच्याकडे आहे, नका घेऊ. ठराव तुमच्या खिशासाठी नसतोच. तो शेजारणीच्या हातावर बंधन घालायला असतो, कारण तिला त्याच मणियाराच्या बांगड्या हव्या असतात. सगळे गाव खरोखर तुमच्या मताचे असते, तर पाल आपोआप ओस पडले असते. तसे होणार नाही, हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे.

‘ते आपल्या भावना जपत नाहीत.’ 29 जून 2023 ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. पंढरपुरात आणि राज्यातल्या अनेक गावांत मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरवले. त्यासाठी आषाढीवाल्यांना ठराव करावा लागला नाही. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत 1980 पासून गावचा गणपती मशिदीत बसतो. आणखी किती भावना जपायच्या? जत्रेत कुणी खरोखर आगळीक केली तर त्या माणसाला धरा, पोलिसांत द्या. एकाच्या गुन्ह्यासाठी त्याच्या जमातीचे पाल उठवणारा उद्या तुमच्या जातीचेही पाल उठवील.

‘शिरखुर्मा खाऊन दंगली थांबतात का?’ नुसता खाऊन थांबत नाहीत, हे मान्य. वर्षातून एकदा वाटी उचलून फोटो काढणाऱ्यांनी शांततेचे काही भले केलेले नाही. वार्ष्णेयही सांगतात की नुसत्या येण्याजाण्यापेक्षा धंदा, संघटना, समित्या यांतले बांधलेले संबंध जास्त टिकतात. भिवंडी पाहा. 1970 ला पेटली, 1984 ला पुन्हा पेटली. 1988 पासून तिथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान एकत्र बसू लागले, तेही सणापुरते नाही, वर्षभर. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत 900 माणसे मेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा आहे. शेजारची भिवंडी तेव्हा शांत राहिली. शिरखुर्म्याला हसणाऱ्यांनो, तुमच्या ठरावाने आजवर कुठल्या गावची दंगल थांबवली, ते एकदा सांगा!

‘ग्रामसभा म्हणजे गावाचा आवाज.’ ग्रामसभेची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100 माणसे, यांतला कमी असेल तो आकडा. पाच हजार मतदारांच्या गावात शंभर जण जमले की ‘गाव’ बोलते. घरी बसलेल्या 4,900 जणांची तोंडे त्यांनी कधी विकत घेतली? शिवाय धर्मावरून नागरिकाचा व्यवसाय अडवण्याचा अधिकार संविधानाने शंभरांनाही दिलेला नाही आणि पाच हजारांनाही नाही. महाराष्ट्राने 2016 मध्ये कायदा केला: जातपंचायतीने आपल्या माणसाला वाळीत टाकले तर 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जातपंचायतीच्या ज्या कृत्याला आपण गुन्हा म्हटले, तेच ग्रामसभेच्या वहीत ‘सूचक’, ‘अनुमोदक’ लिहून केले की पवित्र होते काय?

आता आपण काय करायचे?

ग्रामसभेची नोटीस लागली की जा. बायकांना घेऊन जा. बहिष्काराचा ठराव आला तर उभे राहून विरोध नोंदवा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या. ठराव झालाच, तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. ठराव रद्द होऊ शकतो, हे आपण पाहिले आहे. यात्रा समितीत गावातल्या मुसलमानांना जागा द्या, जागावाटप आणि हिशेब दोघांनी मिळून करा. उरुसाला आपणही पंक्तीत बसा आणि कामात हात लावा. आणि यंदा जत्रेत तुमचा जुना दुकानदार दिसला नाही, तर त्याचा पत्ता काढून घरी जा, विचारा, बोलावून आणा. त्याला म्हणा, पाल लाव, आम्ही शेजारी उभे आहोत.

ठरावाला शंभर हात पुरतात. तो पाडायला त्याहून जास्त हात लागतील. त्यांत तुमचा हात असू द्या.