केडगावच्या माळावरची श्रद्धा

देवावर भरवसा ठेवणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक म्हणजे, ‘त्याचे बरे आहे, सगळे देवावर सोडून मोकळा झाला!’ आणि दुसरे, ‘देवाने त्याचे ऐकले, म्हणून तर एवढे भले झाले!’ पहिल्या मतात श्रद्धा म्हणजे आळस, दुसऱ्यात श्रद्धा म्हणजे देवघेव. मला दोन्ही मते चुकीची वाटतात. पण दुसरे अधिक धोक्याचे वाटते, कारण ते बहुधा श्रद्धावंतांच्याच तोंडी असते.

मी मराठी ख्रिस्ती आहे. आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेनंतर कधी कधी लोक उभे राहून आपली साक्ष सांगतात. मुलाला नोकरी लागली, शस्त्रक्रिया यशस्वी झाली, अडलेले घराचे काम मार्गी लागले, म्हणून देवाची उपकारस्तुती. ऐकताना आनंद होतो. पण त्याच वेळी मागच्या बाकावर एखादी बाई बसलेली असते. तिच्याही घरी तेवढ्याच कळकळीने प्रार्थना झालेली असते आणि तिचा माणूस मात्र गेलेला असतो. ती उभी राहत नाही. तिने काय सांगावे? तिच्या श्रद्धेत काही उणे होते काय? या प्रश्नाला उत्तर देता येत नसेल, तर आमची सारी उपकारस्तुती केवळ सुखात असलेल्यांची राहील.

या प्रश्नाचे उत्तर मला ग्रंथांपेक्षा एका मराठी स्त्रीच्या आयुष्यात अधिक स्पष्ट दिसते. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात सर्वांनी वाचलेले असते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, १८८२ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, एवढे आपल्याला ठाऊक असते. त्यापलीकडे मात्र आपण फारसे जात नाही. हिंदू वाचकाला त्यांचे धर्मांतर अडचणीचे वाटते, आणि आम्ही ख्रिस्ती लोक त्यांना संतपदावर बसवून मोकळे होतो. दोन्हीकडून बाई दूरच राहतात.

त्यांच्या आयुष्याचा हिशेब देवघेवीच्या वहीत मांडून पाहावा. १८७०च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. भावाबरोबर त्यांनी देशभर पायी प्रवास केला. १८८० मध्ये तो भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी विवाह झाला आणि १८८२ मध्ये पतीचेही निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत एवढे सारे! पदरी मनोरमा ही एकुलती एक तान्ही मुलगी. पुढे बाईंनी येशू ख्रिस्ताचा स्वीकार केला, पण म्हणून वहीचे पान उलटले नाही. १९२१च्या जुलैमध्ये मनोरमा आईच्या आधी गेली, आणि वर्ष पुरे होण्याआधीच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनीही देह ठेवला. श्रद्धा म्हणजे संकट टळण्याची हमी असेल, तर या बाईंची श्रद्धा नापासच ठरेल.

मग ती श्रद्धा होती तरी कशी?

प्रथम तिचे धैर्य पाहावे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मायदेशात या घटनेने केवढे वादळ उठले, हे सर्वश्रुत आहे. पण वाँटेजच्या मठातल्या साध्वींशीही त्यांचे पटेना, हे फारसे कोणी सांगत नाही. चर्चच्या ज्या शिकवणीची बुद्धीला खात्री पटत नव्हती, तिच्यावर त्या प्रश्न विचारीत राहिल्या. त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, ती संस्कृतात का नकोत, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे काही बिशपांचे मत पडले, तेही त्यांनी निमूटपणे मानले नाही. ख्रिस्त स्वीकारला, परंतु ख्रिस्ताच्या नावाने कोणाही माणसाची ताबेदारी स्वीकारली नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून जाहीर टीका केली. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे, मग कशाला बोला, हा विचार त्यांना शिवला नाही. आपल्या माणसांत राहून आपल्याच माणसांना खडे बोल सुनावण्याइतके अवघड धैर्य दुसरे नसावे.

अर्थात त्यांच्यावरील आक्षेपही खरे होते, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शारदा सदनात धर्मप्रसार होणार नाही, या भरवशावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी थोर मंडळी त्यांच्या पाठीशी उभी राहिली होती. बाई स्वतःची प्रार्थना करताना खोलीचे दार लावून घेत नसत, आणि मुली येऊन बसत. त्यावरून वाद पेटला. १८९३ मध्ये सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे-भांडारकरांची तक्रार मला अप्रामाणिक वाटत नाही. लहान, निराधार मुलीवर आश्रयदात्याच्या श्रद्धेचा भार किती पडतो, हा प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे. पण आपल्या देवाशी दार लावून, चोरून बोलायचे, ही अट मान्य करणेही बाईंना शक्य नव्हते. त्यासाठी त्यांनी प्रतिष्ठा आणि पाठिंबा दोन्ही घालवले. कोणाची बाजू घ्यावी यावर मतभेद असोत. पण त्या दाराची किंमत त्यांनी स्वतः मोजली, एवढे मान्य करावे लागेल.

दुसरी गोष्ट कृतज्ञतेची. आपण कृतज्ञता म्हणजे ‘आभारी आहे’ असे म्हणणे समजतो. रमाबाईंची कृतज्ञता निराळी होती. १८९६-९७च्या दुष्काळाच्या बातम्या मध्य प्रांतातून येऊ लागल्या, तेव्हा त्यांना आपले जुने दिवस आठवले असतील, यात नवल नाही. आश्चर्य हे की त्या तिकडे निघाल्या. दुष्काळातून वाचलेला माणूस त्या आठवणीपासून दूर पळतो. या बाई गावोगाव, छावण्यांतून फिरल्या आणि अनाथ मुली, विधवा यांना घेऊन परतल्या. मी वाचले ते कशासाठी, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले हे उत्तर होते. वाचलेल्याचा जीव ही त्याची कमाई नसते, ती त्याच्याकडे दिलेली ठेव असते. ठेव परत करायची असते, आणि ती देवाला नव्हे, तर आपण होतो त्या अवस्थेत आज जो आहे त्याला. उपकारस्तुतीचा याहून सरळ अर्थ मला ठाऊक नाही.

तिसरी गोष्ट भरवशाची. प्लेगमुळे इतक्या मुलींना पुण्यात ठेवणे अशक्य झाले. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला बाईंनी फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. तिथे राहण्याजोगी घरे नव्हती, तरी मुलींना घेऊन त्या माळावर गेल्या. त्यातूनच ‘मुक्ती’ उभी राहिली. १९००च्या सुमारास तिथे दीड हजारांच्या आसपास माणसे राहत होती. रोज एवढ्यांच्या पोटाला घालायचे! बाई प्रार्थना करीत, हे खरेच. पण त्या केडगावात विहिरी होत्या, शेती होती, गाईगुरे होती, माग होते, तेलाची घाणी होती, छापखाना होता. खिळे जुळवणाऱ्या, माग चालवणाऱ्या सगळ्या बायकाच. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. देव पाणी देईल, ही श्रद्धा. पण विहीर आपण खणायची, हा त्या श्रद्धेचा आचार. हे दोन निराळे करता येतात, असे त्यांना कधी वाटले नाही.

अखेरची अठरा-एक वर्षे त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून साऱ्या बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करायचे, कारण प्रचलित भाषांतर खेड्यातल्या बाईला समजण्यास जड जाते, असे त्यांचे मत होते. ज्या बाईला संस्कृताच्या पदव्या मिळाल्या, तिने उतारवयात सोप्या मराठीसाठी झिजावे, यात मला मोठे औचित्य दिसते. मुलीच्या मृत्यूनंतरही हे काम थांबले नाही. संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर आले. ते पाहायला बाई नव्हत्या.

हे सारे शंभर वर्षांपूर्वीचे, असे कोणी म्हणेल. पण वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आपल्याच काळातले. २०२४ मध्ये ते गेले. त्यांनीही ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले आणि वसईची शेती, झाडे, पाणी वाचवण्यासाठी जमीन बळकावणाऱ्यांपुढे लोकांबरोबर उभे राहिले. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला, धमक्याही आल्या. ते मराठीतच बोलत आणि लिहीत राहिले. श्रद्धा घरात ठेवून बाहेर निराळे वागावे, अशी सोय त्यांनीही स्वतःसाठी करून घेतली नाही.

आपल्यासारख्या संसारी माणसांनी यातून काय घ्यावे? मुक्ती उभारणे सर्वांना जमणार नाही, त्याची गरजही नाही. पण मुलांना प्रार्थना शिकवताना आपण त्यांना काय शिकवतो, हे तपासता येईल. ‘पास कर’ एवढेच मागायला शिकवतो, की नापास झाल्यावरही उद्या उठून पुस्तक उघडण्याचे बळ मागायला शिकवतो? जेवणाआधी हात जोडताना, हे ताट कोणाच्या श्रमातून आले आणि शेजारी कोण उपाशी आहे, हा विषय निघतो का? आपल्या जातीच्या, आपल्या चर्चच्या, आपल्या पक्षाच्या माणसाने अन्याय केला, तर आपण मुलांसमोर तसे म्हणतो का? हे प्रश्न केवळ ख्रिस्ती घरांचे नाहीत. घरात क्रूस असो, विठोबा असो वा काहीच नसो, ते लागू पडतात.

आणि त्या मागच्या बाकावरच्या बाईला मी काय सांगेन? तिला समजावण्याचा अधिकार मला नाही. पण मंडळीने तिला एवढे जरूर सांगावे की, तिचीही साक्ष आम्हाला ऐकायची आहे. माणूस गेला, तरी ती आजही येते, शेजारच्या आजारी म्हातारीला डबा देऊन मग येते. रमाबाईंनी १९२१च्या त्या जुलैनंतर पुन्हा भाषांतराचे कागद पुढे ओढले, त्याच जातीची ही गोष्ट आहे. पुढच्या रविवारी पाळकांनी आधी तिच्याकडे पाहावे.