भिंती रंगवल्या, छताचे काय?

एप्रिल महिना उजाडला की वस्तीवस्तीत जयंतीची तयारी सुरू होते. घरांना रंग लागतो, विहाराची साफसफाई होते, निळे झेंडे फडकू लागतात. कोल्हापूर जिल्ह्यात तर हा उत्साह २१ मार्चपासूनच, माणगाव परिषदेच्या स्मृतिदिनापासूनच सुरू होतो. १९२० साली त्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण जयंतीला ज्या घराच्या भिंती आपण हौसेने रंगवतो, त्या घराच्या छताकडे आपण कधी पाहिले आहे काय?

पूर्वी आपली घरे कुडाची, कौलांची, पाचटाने शाकारलेली असत. उसाच्या मुलखात पाचटाला तोटा नव्हता. पण ते छत गळायचे, पेटायचे, दरवर्षी नवे घालावे लागायचे. म्हणून स्लॅबचे घर ही आपल्यासाठी प्रतिष्ठेची गोष्ट झाली आणि त्यात काहीही चूक नाही. वतनाच्या जोखडातून बाहेर पडून शिकलेल्या, राबलेल्या पिढीने तो स्लॅब कमावला आहे. जुनी कौलेच बरी होती असे सांगणाऱ्यांना ती आषाढात गळताना रात्र काढावी लागलेली नसते. तेव्हा मागे जायचे नाही. प्रश्न एवढाच आहे की हा स्लॅब अर्धवट का ठेवला?

मे महिन्यात रात्री दहा वाजता स्टुलावर उभे राहून स्लॅबला आतून हात लावून पाहा. चटका बसेल. चार-पाच इंची काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते खोलीत ओकते. वरचा पंखा तीच ऊब खाली ढकलतो. म्हणून माणसे गच्चीवर झोपतात. पण लेकुरवाळी बाई, आजारी म्हातारा आणि परीक्षेला बसलेली मुलगी यांनी काय करावे? परळच्या एका खोलीत बाल भीमराव रात्री दोन वाजता उठून अभ्यासाला बसत, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मग आपल्या मुलांना अभ्यासाला बसता येईल अशी खोली देणे हे आपले कर्तव्य नाही काय?

आता विजेचा हिशेब पाहू. ७५ वॅटचा साधा पंखा दिवसाला १६ तास चालला तर १.२ युनिट खातो. दोन पंखे धरले तर महिन्याला ७२ युनिट झाले. त्यात फ्रिज, टीव्ही, दिवे मिळवा. एखाद्याने हप्त्यावर कूलर घेतला आणि २०० वॅटचा तो कूलर रात्रभर १० तास चालला, की आणखी ६० युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या वरच्या प्रत्येक युनिटाचा दर कितीतरी चढा आहे. म्हणजे उघडा स्लॅब गरिबाला महागड्या टप्प्यात ढकलतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांकडे विजेचा विषय होता आणि वीज स्वस्त व मुबलक असावी, असा त्यांचा आग्रह होता. आज वस्तीत वीज आली, पण तिचा मोठा भाग तापलेल्या छताशी झुंजण्यात खर्ची पडतो.

यावर उपाय आहेत आणि ते अवघडही नाहीत. पहिली गोष्ट, गळती आणि कठड्याजवळच्या भेगा आधी बुजवा, पाण्याला उतार द्या. ओल आत ठेवून वर थर चढवला तर सळई गंजते. दुसरी गोष्ट, फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्चीला चुन्याचे दोन-तीन हात द्या. पांढरे छत ऊन परतवते. कोल्हापूरच्या पावसात हा चुना धुऊन जाणार, म्हणून तो दरवर्षी द्यावा लागेल. ऐपत असेल तर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा चायना मोझॅक करा, तो वर्षानुवर्षे टिकतो. सर्वांत पक्का उपाय म्हणजे स्लॅबवर थर्माकोलच्या जातीचे पण अधिक घट्ट असे एक्सपीएस बोर्ड अंथरून वर कोबा किंवा टाइल घालणे. हा थर स्लॅबच्या वरच हवा. आतून थर्माकोल चिकटवला तर वरचा स्लॅब तापायचा राहत नाही आणि आगीचा धोकाही वाढतो. विटांच्या तुकड्यांचा कोबा मात्र जड असतो. जुन्या स्लॅबवर तो घालण्यापूर्वी जाणकार इंजिनिअरला विचारा.

पण हा सगळा भार घरमालकावर टाकून शासनाला मोकळे सोडता येणार नाही. २०१८ साली केंद्राने 'इको निवास संहिता' आणली. आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर छताच्या एका चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये, असे तिने ठरवले. उघड्या स्लॅबमधून सुमारे साडेतीन वॅट जाते. दोन इंची बोर्ड घातला तर ती सुमारे अर्ध्या वॅटवर येते. पण ही संहिता होती ५०० चौरस मीटर आणि त्यावरील भूखंडांवरच्या इमारतींसाठी! आपले घरकुल २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे. ज्याच्या घरात एसी आहे त्याच्या छताला नियम आणि ज्याच्या घरात एक पंखा आहे त्याचे छत मोकळे, हा कुठला न्याय? २०२४ साली केंद्राने छतावर सौर पॅनेल बसवायला अनुदान देणारी योजना आणली, तिचे स्वागतच आहे. पण वीज तयार करायला पैसे आहेत, तर ती वाया जाऊ नये म्हणून का नाहीत? तेलंगणाने २०२३ साली थंड छतांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राने मागे का राहावे?

म्हणून दोन गोष्टी झाल्या पाहिजेत. रमाई आवास आणि पंतप्रधान आवास या दोन्ही योजनांच्या अंदाजपत्रकात छताच्या उष्णतारोधक थरासाठी वेगळी रक्कम धरावी, ही मागणी ग्रामसभेत ठराव करून सामाजिक न्याय विभागाकडे आणि जिल्हा परिषदेकडे गेली पाहिजे. आणि ती मंजूर होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. जयंती मंडळांनी डॉल्बीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढावी, चुना आणावा, आणि १४ एप्रिलच्या आधी वस्तीतल्या विधवा, वृद्ध आणि आजारी माणसांच्या गच्च्या तरुणांनी स्वतः पांढऱ्या कराव्यात.

डॉल्बीचा आवाज त्याच रात्री विरतो. चुन्याचा हात पाऊस येईपर्यंत त्या घराला पुरेल. जयभीम!