भूल उतरेपर्यंतची जबाबदारी

शस्त्रक्रिया करून त्याच दिवशी रुग्णाला घरी पाठवण्याची पद्धत, जिला आज डे-केअर शस्त्रक्रिया म्हणतात, नवी नाही. ग्लासगोच्या मुलांच्या रुग्णालयातील अशा ८,९८८ शस्त्रक्रियांचा वृत्तान्त जेम्स निकोल या शल्यविशारदाने १९०९ मध्येच मांडला होता. मात्र पित्ताशयाची शस्त्रक्रियाही दिवसभरात उरकू लागली ती दुर्बिणीच्या तंत्रामुळे आणि प्रोपोफॉल, सेवोफ्लुरेन यांसारख्या लवकर उतरणाऱ्या भुलीच्या औषधांमुळे. रुग्णालयातला मुक्काम त्यामुळे टळला हे खरेच, परंतु पूर्वी परिचारिका रात्रभर जी देखरेख ठेवत असे ती आता घरच्या माणसांवर आली आहे.

महाराष्ट्रातील अनेक लहान रुग्णालयांत पूर्णवेळ भूलतज्ज्ञ नसतो. बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञाला लगेच पुढचे रुग्णालय गाठायचे असते आणि रुग्णाशी त्याची पहिली भेट पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होते. वास्तविक झोपेत श्वास अडणे, आटोक्यात नसलेला मधुमेह, पूर्वी भुलीचा झालेला त्रास, चालू असलेली औषधे यांची विचारपूस आधी झाली, तरच रुग्ण त्याच दिवशी घरी जाण्याजोगा आहे का, हे ठरवता येते.

शस्त्रक्रियेनंतरचे तासही तितकेच नाजूक असतात, कारण डोळे उघडून बोलू लागलेल्या रुग्णाच्या शरीरातून औषधांचा अंमल पुरता ओसरलेला असतोच असे नाही, आणि वेदनाशामक म्हणून अफूवर्गीय औषध दिले असेल तर श्वास मंदावण्याचा धोका उरतो. यासाठी गुणांकनाची एक सोपी पद्धत प्रचलित आहे: रक्तदाब व नाडी, चालता येणे, मळमळ, वेदना आणि रक्तस्राव या पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देऊन दहापैकी किमान नऊ झाल्यावरच, तेही सोबत जबाबदार माणूस असेल तर, रुग्णाला घरी सोडायचे. तिला महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो वेळ. पण शासकीय विमा योजनांच्या पॅकेज दरात भूलतज्ज्ञाचे शुल्क एकत्रच धरलेले असल्याने या वेळेचा वेगळा मोबदला मिळत नाही, आणि ज्याचा मोबदला नाही त्याचीच आधी काटछाट होते.

म्हणून राज्य शासनाने पूर्वतपासणी व भुलीनंतरची देखरेख यांचा दर स्वतंत्रपणे ठरवावा, भूलतज्ज्ञाची लेखी संमती असल्याखेरीज कोणत्याही रुग्णाला घरी पाठवू नये, आणि रात्री त्रास झाल्यास कोणाला फोन करायचा तो क्रमांक घरी सोडतानाच्या कागदावर मराठीत, ठळक अक्षरांत छापणे रुग्णालयांना बंधनकारक करावे.