मेट्रो मंडईत आली, आता पुढचा एक किलोमीटर

दोन महिन्यांपूर्वी अम्मीला पहिल्यांदा मेट्रोने मंडईला नेलं. रामवाडीला गाडी पकडली, जिल्हा न्यायालय स्थानकावर बदलली, लांबच लांब सरकत्या जिन्यांनी जमिनीखाली उतरलो आणि पाऊण तासाच्या आत मंडईत. घाम नाही, धूर नाही. अम्मी खूश होती.

मग वर रस्त्यावर आलो. मोमीनपुऱ्यात खालाकडे जायचं होतं. अंतर जेमतेम एक किलोमीटर. फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या, रस्ता ओलांडायला जागा नाही, अम्मीचे गुडघे दुखतात. दोन रिक्षावाल्यांनी "इतक्या जवळ नाही" म्हणून सांगितलं, तिसरा तयार झाला. खालाच्या दारात पोचल्यावर अम्मी म्हणाली, "पुढच्या वेळी सरळ घरूनच रिक्षा करू."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक साधी गोष्ट शिकवतात : सगळी सिस्टिम कितीही वेगवान करा, एक भाग अडला की वापरणाऱ्याला सगळंच अडल्यासारखं वाटतं. पुण्याच्या मेट्रोचं मध्यवस्तीत तेच झालंय.

२९ सप्टेंबर २०२४ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला. कसबा पेठ, मंडई, स्वारगेट ही स्थानकं जुन्या शहराच्या पोटात आहेत. तेव्हापासून "मेट्रोमुळे पेठांना नवसंजीवनी मिळेल" असं आपण सारखं ऐकतो. मी मेट्रोच्या बाजूचा आहे. पण रूळ फक्त माणसं आणून सोडतात. पेठा जगणार की नुसत्या महाग होणार, हे स्थानकाबाहेर ठरतं, आणि तो निर्णय महापालिकेच्या हातात असतो.

बाहेरच्या दोन शहरांचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या बफेलो शहरात १९८०च्या दशकात मुख्य बाजाररस्त्यावर हलकी रेल्वे आली, रस्ता गाड्यांसाठी बंद झाला. पण कारखाने बंद पडत होते, लोक उपनगरांकडे निघाले होते. दुकानं ओस पडली आणि पुढे त्या रस्त्यावर गाड्या परत आणाव्या लागल्या. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये १९९४ला ट्राम आली. तिथे ट्रामबरोबरच मध्यवर्ती भागातून आरपार जाणारी वाहनं थांबवली, चौक चालणाऱ्यांना दिले. तिथला मध्यभाग गजबजलेला राहिला. रूळ दोन्हीकडे आले, पण भोवतालची परिस्थिती आणि धोरण वेगळं होतं.

आपल्या पेठा बफेलोसारख्या ओस नाहीत. त्यांचा त्रास उलटा आहे : गर्दी भरपूर, पण चालायला जागा नाही. ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन साजरा करते, लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद होतो, लोक आरामात फिरतात. म्हणजे हे जमतं, हे महापालिकेलाही माहीत आहे. फक्त वर्षातून एकदाच जमतं. २०२१मध्ये पीएमपीने १० रुपयांत दिवसभर फिरता येणारी 'पुण्यदशम' ही छोट्या बसची सेवा पेठांसाठी आणली होती. मंडई स्थानकापासून गंज पेठ, भवानी पेठ, नाना पेठ अशी दर दहा मिनिटांनी छोटी बस असती, तर अम्मीने रिक्षाचं नाव काढलं नसतं.

दुसरा प्रश्न जास्त कठीण आहे. माझ्या चाचांचं मंडईजवळ बॅगा दुरुस्त करण्याचं भाड्याचं दुकान आहे. मेट्रोमुळे धंदा वाढला का, विचारलं. म्हणाले, "गिऱ्हाईक थोडं वाढलंय बेटा, पण मालकाच्या चकरा जास्त वाढल्यात." वाडा बिल्डरला द्यायचं चाललंय. राज्याच्या नियमांनुसार स्थानकापासून ५०० मीटरच्या परिघात चारपर्यंत एफएसआय मिळू शकतो. रस्ता जितका रुंद आणि भूखंड जितका मोठा, तितका तो जास्त. साहजिकच छोट्या जागा एकत्र करून मोठी इमारत उभारण्याकडे कल जाणार. ज्याच्याकडे भाडेकरूचे कागद आहेत, त्याला भाडेनियंत्रण कायद्याचा आधार आहे. पोटभाडेकरू, कारागीर, ओट्यावर बसणारी बाई, यांच्याकडे कसले कागद? पेठांमध्ये असे लोक सगळ्या समाजांचे आहेत, आणि आपलेही खूप आहेत.

वाडे जुने झालेत, पावसाळ्यात जीव मुठीत धरून राहावं लागतं, हे खरं आहे. पुनर्विकास हवाच. पण जो आज तिथे राहतो, कमावतो, त्याला परत तिथेच जागा मिळेल हे लिहून मिळायला हवं. शिवाजीनगरच्या कामगार पुतळा वसाहतीतल्या कुटुंबांना मेट्रोच्या कामासाठी हडपसर, विमाननगरकडे जावं लागलं. त्यांच्या जागेवर आलेल्या स्थानकाचा उपयोग आता इतरांना जास्त होतो.

ही चर्चा पुण्याला नवी नाही. १८८६मध्ये मंडईची इमारत सुरू झाली. त्याआधी नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. इमारत उभी राहिलीच आणि पुढे तिला त्यांचंच नाव दिलं गेलं. पण सार्वजनिक पैसा कुणाच्या उपयोगी पडतो, हा त्यांचा प्रश्न आज मंडई स्थानकाच्या दारातही विचारायला हवा.

म्हणून विनंती आहे. आपल्यातले बरेच जण आता कोंढव्यात किंवा वडगाव शेरीत राहतात आणि पेठेत फक्त ईदला जातात. पण घरची माणसं, दुकानं अजून तिथे आहेत. या आठवड्यात त्यांचे भाडेपावत्या, वीजबिलं, दुकान परवाने काढून नीट फाइल करा. प्रभागातल्या नगरसेवकाला दोन प्रश्न लेखी विचारा : स्थानकापासून मोहल्ल्यापर्यंत फुटपाथ आणि छोटी बस कधी? आणि पुनर्विकासात भाडेकरूंची यादी कोण करणार? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

अम्मीला मी पुन्हा मेट्रोने नेणार आहे. तोवर निदान फुटपाथवरच्या दुचाक्या हटलेल्या असाव्यात.